कोपऱ्यातली दोन अक्षरं

एक पांघरूण धुऊन आणायचं, एवढंच ठरलं होतं. त्यात घोळ होण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. माझा जन्म त्रिकाला शहरातल्या भूनोंदणी कचेरीत गेला. एकाच बांधावर तीन भाऊ आणि एक मठ हक्क सांगत आले, तरी मी चष्मा पुसून, कागद लावून, ज्याचं त्याला दिलं आहे. असा माणूस एका पांघरुणापुढं नाक घासेल, हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला रांगेत उभं केलं असतं.

पांघरूण म्हणजे आईची वेलेंझा. मागावर विणलेली, लांब झुपक्यांच्या लोकरीची, लालभडक, आणि जड एवढी की उचलायला दोन माणसं लागावीत. आमच्या घरात पलंगाच्या बाजूला घड्या घातलेल्या लोकरी वस्तूंची चळत आहे, तिच्या सगळ्यात तळाशी ती होती. आमच्या मीनाचं लग्न ठरलं त्या संध्याकाळी आईनं फर्मान काढलं, "मीनाच्या बिछान्यावर माझी वेलेंझा घालायची. पहिला हात मी लावणार."

मीना म्हणजे आसिमिना, माझी मुलगी. आजीचं नाव नातीला ठेवायचं ही आमच्याकडची रीत, म्हणून घरात दोन आसिमिना. पण मोठीला सगळे आई नाहीतर आजी म्हणतात आणि धाकटीला मीना. आसिमिना अशी हाक आमच्या घरात कुणीच कुणाला मारत नाही.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. डॉक्टर म्हणतात काढू, आई म्हणते जे बघायचं ते बघून झालंय. दार वाजलं की ती खुर्चीतून विचारते, "कोण?" मी म्हणतो, "मी, पेलोपीदास." त्यावर ती विचारते, "कुणाचा?" डोंगरातल्या गावात कुणीही अनोळखी दिसलं की हाच प्रश्न विचारतात, तो तिच्या तोंडात बसला आहे. पण स्वतःच्या मुलाला? रोज? कचेरीतून दमूनभागून आलेल्या माणसाला? मी दात आवळून म्हणायचो, "करावीदासांचा, आई. तुमच्याच घरचा." मग ती म्हणायची, "मग ये आत."

तर वेलेंझा तळातून वर आली आणि सबंध घरात डांबरगोळ्यांचा वास सुटला. माझी बायको एफ्तेर्पी नाकाला पदर, म्हणजे रुमाल लावून म्हणाली, "हे असं मीनाच्या पलंगावर घातलं तर जावई पहिल्याच रात्री माहेरी जाईल."

झालं. इमारतीत बातमी फिरली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या एव्दोक्सियाबाई म्हणाल्या, "न्हाणीच्या टबात घाला आणि वरून डोक्याचा शाम्पू सोडा. लोकर म्हणजे केसच की हो." एफ्तेर्पीच्या भावाचं गाड्या धुण्याचं दुकान आहे. तो म्हणाला, "भाऊजी, आणा इकडे. मशीनचा फवारा मारतो. मागच्या महिन्यात एक ट्रॅक्टर धुतला, लोक ओळखेनात." कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, "माझ्या सासूबाईंनी व्हिनेगर लावलं होतं."

"मग काय झालं?" मी विचारलं.

"सासूबाई गेल्या. पांघरुणाचं काही कळलं नाही."

आईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लोकरीला साबण लागत नाही आणि फवारा लागत नाही. ओढ्याचं पाणी लागतं. क्रिओनेरीच्या पाणघुसळीत टाक. आमच्या झिसींच्या घरी दोन माग होते, एक खाली, एक माडीवर. उन्हाळा आला की आम्ही पोरी सगळ्या वेलेंझा गाढवावर लादून पाणघुसळीला न्यायचो. येताना ओल्या लोकरीचं ओझं गाढवाला झेपायचं नाही, मग आम्हीच..."

झिसींच्या दोन मागांची ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की ती सुरू झाली की माझा हात आपोआप वर्तमानपत्राकडे जातो. गाढवापर्यंत ऐकलं, पुढं मी हवामानाचा अंदाज वाचला.

डोंगरातल्या क्रिओनेरी गावाला पोचलो. पाणघुसळ जागच्या जागी होती. डोंगरातलं पाणी लाकडी पन्हळीतून येतं आणि खाली फळ्यांच्या भल्यामोठ्या टोपात असं आपटतं की आत टाकलेलं पांघरूण गरगर गरगर फिरत राहतं. लोकर पिंजून निघते, झुपके फुलतात, वास जातो. म्हणजे पूर्वी असं व्हायचं. आता पन्हळीला फळी ठोकली होती, टोप कोरडा होता आणि त्यावर पाटी होती: 'पारंपरिक लोककलेचा संरक्षित वारसा. वापरण्यास मनाई.'

पाटीखाली राखणदार अगिसिलाओसकाका कॉफी पीत बसले होते.

"काका, हे काय?"

"वारसा झाला," काका म्हणाले. "तुम्ही कुणाचे?"

"करावीदासांचा. पण काका, वारसा म्हणजे चालू ठेवायचा ना?"

"चालू होती तेव्हा कुणी ढुंकून बघत नव्हतं. मला पगारही नव्हता. बंद केली तेव्हापासून पगार आहे, टोपी आहे आणि शाळेची पोरं बघायला येतात."

"कोरडा टोप बघायला?"

"मी त्यांना हातानं करून दाखवतो," असं म्हणून काकांनी हात गरगर फिरवून दाखवला. तोंडानं पाण्याचा आवाजही काढला. खोटं कशाला बोलू, चांगला काढला.

मी सरकारी माणूस. सरकारी माणसाशी सरकारी माणूस कसा बोलतो हे मला ठाऊक, म्हणून मी निर्धास्त होतो. वारशाच्या कचेरीत गेलो, त्यांनी सांगितलं पाण्याची परवानगी आणा. पाण्याच्या कचेरीनं सांगितलं ओढा जंगलातून येतो, जंगलखात्याला विचारा. जंगलखात्याचा साहेब फार सज्जन होता. त्यानं मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "हे बघा, पाणी पन्हळीत शिरेपर्यंत आमचं. टोपात पडल्यावर वारशाचं. पण मधे जे ते पडतं ना, त्याबद्दल कुणाकडेच नियम नाही." एका खिडकीवर तर विशीतल्या पोरीनं मला "आजोबा, उद्या या" असं सांगितलं. उद्या या! हे वाक्य आमच्या कचेरीत मी रुजवलं आहे. ते माझ्याच तोंडावर कुणी फेकावं, तेही आजोबा म्हणून? त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही.

शेवटी वारशाच्या कचेरीतल्या एका शिपायानं वाट काढली. धुण्याला मनाई आहे, पण प्रात्यक्षिकाला नाही. तेव्हा वेलेंझा धुवायची नाही, तिच्यावर 'पारंपरिक कलेचं प्रात्यक्षिक' करायचं. अर्ज मंजूर झाला. फळी निघाली. पाणी सुटलं. आणि पाणघुसळ सुटली ही बातमी डोंगरात गेली, तशी आजूबाजूच्या सगळ्या गावांतून वर्षानुवर्षं तुंबलेली पांघरुणं येऊ लागली. मी आमची वेलेंझा घेऊन पोचलो तर तिथं लाल लोकरीचा ढीग माझ्या छातीपर्यंत आलेला. आमच्या भागातल्या सगळ्या वेलेंझा लालच. अगिसिलाओसकाका टोपी मागं सारून ढिगावर उभे होते आणि ओरडत होते, "प्रात्यक्षिक आहे, प्रात्यक्षिक! ढकलू नका!"

"काका, आमची ओळखणार कशी?" मी विचारलं.

"प्रत्येकीच्या कोपऱ्यावर अक्षरं भरलेली असतात. न्यायला याल तेव्हा अक्षरं सांगा. आजवर एक पांघरूण चुकलेलं नाही."

वेलेंझा फुलायला वेळ लागतो, म्हणून मी परत आलो आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात आणायला गेलो. काकांनी विचारलं, "अक्षरं?"

आता अक्षरं ओळखणं हा माझा धंदा. मी जरा मोठ्यानंच सांगितलं, म्हणजे आजूबाजूच्यांनाही कळावं की कसं सांगायचं असतं. "अ. क. आसिमिना करावीदा. पुरुषाचं करावीदास, बाईचं करावीदा. म्हणून क."

(आमच्या लिपीत अ आणि आ यांना एकच अक्षर.) काकांनी ढिगात हात घातला आणि एक वेलेंझा ओढून काढली. कोपऱ्यावर पिवळ्या धाग्यात अ. क. काय फुलली होती! बोटं बुडत होती. ती गाडीत घालताना मला आणखी एक दिसली, काठावर एकटीच पडलेली, पाणी निथळत असलेली. सहज कोपरा उलटून पाहिला. निळ्या धाग्यात अ. झ.

"ही कुणाची हो?"

"काय माहीत. कुणी नेली नाही अजून."

मला राग आला. खरोखर आला. मी म्हणालो, "बघा काका, बघा. आईनं रात्री जागून विणायचं आणि पोरांनी असं ओढ्याकाठी टाकून जायचं. आपल्या माणसाच्या हाताची किंमतच राहिली नाही लोकांना. अशांना खरं म्हणजे नावानिशी पकडलं पाहिजे."

"खरं आहे," काका म्हणाले. "वाळत घालायला दोरीही नाही, दोरीवर वारशाचे फलक लावलेत. परत पाण्यातच सोडतो. पाण्यात लोकर जिवंत राहते." त्यांनी ती उचलून टोपात टाकली. ती एकदा वर आली, लाल, आणि मग पाण्यानं खाली ओढली. मी गाडी सुरू केली.

घरी वेलेंझा आईच्या मांडीवर ठेवली. घरातले सगळे जमले होते. आईनं दोन्ही हात लोकरीत घातले, कोपरा शोधला, अक्षरांवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. आणि म्हणाली, "ही माझी नाही."

"आई, तुमचीच आहे."

"माझी नाही रे. दुसऱ्या कुणाची आणलीस."

"अहो, धुतल्यावर फुलली आहे, म्हणून वेगळी लागते हाताला. हे बघा, अक्षरं. अ. क. आसिमिना करावीदा. मी वाचतोय ना?"

मीना तर नाचायलाच लागली. "आजी, अगं, अ. क.! माझीपण हीच अक्षरं! मी लग्नानंतर नाव बदलणार नाहीये, म्हणजे कायमचीच माझी! तू जणू माझ्यासाठीच भरून ठेवलीस."

एव्दोक्सियाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "याला म्हणतात योग." एफ्तेर्पीनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "वय झालंय. काल मिठाच्या डब्यात साखर शोधत होत्या." मी मान हलवली. एका गोष्टीची मला खात्रीच होती, की वयानं हातांची आठवण जाते आणि अक्षरं काही बदलत नाहीत.

आईनं मान वर केली. माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझा आवाज येत होता त्या बाजूला. "तू वाचलंस?"

"वाचलं, आई. दोनदा वाचलं."

"मग असेल," ती म्हणाली, आणि हात काढून घेतले.

लग्नाच्या आदल्या दिवशी बिछाना घालायचा समारंभ. मीनाच्या मैत्रिणींनी चादरी ताणल्या, गाणी म्हटली, वरून तांदूळ आणि साखरेचे बदाम उधळले, नव्या जोडप्याला मूल व्हावं म्हणून शेजारचं तान्हं बाळ वेलेंझावर लोळवलं. बाळानं त्या लोकरीत जे काही केलं त्याला सगळ्यांनी शुभशकुन म्हटलं. फक्त पहिला हात लावायला आई आली नाही. ती स्वयंपाकघरात घेवडा सोलत बसली होती.

मी आत गेलो. "आई, सगळे थांबलेत. चला."

"मी इथंच बरी. कुणाचं तरी आहे ते. दुसरीच्या रुखवताला मी कसा हात लावू?"

आणि तेव्हा, पाहुण्यांच्या देखत, दारात व्याही उभे असताना, माझा तोल गेला. "पुरे झाला हा हट्ट! मी त्या पांघरुणासाठी किती उंबरे झिजवले माहीत आहे? लोक काय म्हणतील? तुम्हाला आठवत नाही, एवढं कबूल करायला काय जातं?"

आई घेवडा सोलत राहिली. जरा वेळानं म्हणाली, "बरं. मला आठवत नाही." पण उठली नाही. पहिला हात एफ्तेर्पीनं लावला.

लग्न छान झालं. जेवण उत्तम होतं, जावई नाचला, मेव्हण्यानं नवरदेवाची गाडी फुकट धुऊन दिली. मी सगळं व्यवस्थित पार पाडलं या समाधानात कचेरीत परत रुजू झालो. आणि एका सकाळी, खिडकीसमोर भलीमोठी रांग असताना, एक उंच, ताठ, पांढऱ्या अंबाड्याच्या बाई सगळ्यांना बाजूला सारत पुढं आल्या.

"करावीदास कोण?"

"बाई, रांगेत या."

"मी क्रिओनेरीच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. मला रांग शिकवू नका. तुम्ही माझं रुखवत चोरलंत."

ज्या कचेरीत कधी टाइपरायटर थांबले नाहीत, तिथं शिक्के मारणारे हात हवेत राहिले.

"काय बोलता बाई? मी? रुखवत?"

"अ. क. पिवळा धागा. अर्गिरो कात्सारू. मी. पाणघुसळीतून कुणी नेली ते अगिसिलाओसनं सांगितलं. म्हणाला, त्रिकालाचे कुणी मोठे साहेब आले होते, अक्षरांवर भाषण देऊन गेले."

"गैरसमज आहे. ती माझ्या आईची. आसिमिना करावीदा. अ. क."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आपोआप खुर्चीतून उठलो. तिसरीत असताना उठायचो तसा.

"आईचं लग्न आधी झालं का रुखवत आधी विणलं?"

"अर्थात रुखवत आधी."

"मग त्यावर करावीदा कुठून येईल? मुलगी रुखवत विणते तेव्हा ती बापाच्या घरी असते. माहेरचं नाव घालते. तुमचे वडील तेव्हा कुठल्या डोंगरात शेळ्या राखत होते हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. काय माहेरचं आडनाव आईचं?"

मला माहीत नव्हतं असं नाही हो. ते तर माझ्या जिभेवर होतं. आयुष्यभर दर बाईला मीच विचारत आलो: माहेरचं आडनाव? तो रकाना कोरा असेल तर अर्ज तोंडावर परत करत आलो. आणि आता सगळी रांग माझ्याकडे बघत होती आणि माझ्या डोळ्यांपुढं निळ्या धाग्यातली दोन अक्षरं होती, आणि ओढ्याकाठी उभा राहून मी केलेलं ते भाषण.

"झिसी," मी म्हणालो.

"ऐकू आलं नाही."

"झिसी. आसिमिना झिसी."

"बसा," बाई म्हणाल्या.

मीनाचं घर नदीपलीकडे आहे. मी, अर्गिरोबाई आणि माझी अब्रू, तिघं तिथं गेलो. मीना आनंदानं कॉफी घेऊन आली, तिला वाटलं पाहुण्या आल्या. मी सांगितलं तेव्हा ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "बाबा. आजी सांगत होती." एवढंच. मला वाटतं ओरडली असती तर बरं झालं असतं.

अर्गिरोबाईंनी वेलेंझाचा कोपरा उलटला, आपली अक्षरं पाहिली, आणि लोकरीत हात घालून चाचपू लागल्या. हाताला काहीतरी लागलं. साखरेचा बदाम. मग तांदळाचे दाणे.

"यावर तांदूळ टाकलेत?" त्यांनी विचारलं.

"हो," मीना घाबरून म्हणाली. "मी झटकते ना."

"गाणी म्हटली?"

"म्हटली."

"बाळ लोळवलं?"

"लोळवलं. त्यानं जरा... म्हणजे आम्ही लगेच पुसून घेतलं."

अर्गिरोबाईंचं लग्न झालेलं नाही, हे एव्हाना मला कळलं होतं. दर वर्षी एकदा त्या ही वेलेंझा काढायच्या, उन्हात घालायच्या, घडी करून परत ठेवायच्या. मीना झटकायला पुढं झाली तर त्यांनी तिचा हात धरला.

"राहू दे. आहेत तसे राहू देत."

आणि त्यांनी ती घडी अशी घातली की एक दाणा खाली पडला नाही. मी उचलायला गेलो तर म्हणाल्या, "तुम्ही नको." मीनानं आणि त्यांनी दोघींनी मिळून ती खाली नेली.

मी तसाच क्रिओनेरीला गेलो. प्रात्यक्षिकाची मुदत संपली होती, पन्हळीला परत फळी ठोकली होती. पण फळी ठोकेपर्यंत आईची वेलेंझा पाण्यातच होती, गरगर फिरत, दिवसरात्र, कुणी न्यायला येत नाही म्हणून. अगिसिलाओसकाकांनी ती काढून दगडावर ठेवली होती. ती वेलेंझा आहे हे मला आधी कळलंच नाही. लोकर आटून, एकमेकांत घट्ट बसून, तिचा जाड नमदा झाला होता. झुपका एकही उरला नव्हता. एका कुशीत मावेल एवढीच राहिली होती.

काका टोपी हातात घेऊन उभे राहिले. "जरा जास्तच जिवंत झाली," ते म्हणाले. विनोद करत नव्हते.

जिला उचलायला दोन माणसं लागायची ती मी एका काखेत घेऊन जिने चढलो. आईसमोर उभं राहून काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं: वारशाच्या कचेरीचा दोष, काकांचा दोष, दोरीवरच्या फलकांचा दोष. दोष पुष्कळ होते, यादी चांगली लांब होती. पण मी ती तिच्या मांडीवर ठेवली आणि एक शब्द आठवला नाही.

आईनं हात फिरवला. लोकर शोधली, सापडली नाही. मग कोपरा शोधला. अक्षरं आकसून बारकी झाली होती, निळा धागा नमद्यात रुतला होता, पण अंगठ्याला लागत होता.

"वाच," ती म्हणाली.

"अ. झ."

"सबंध वाच."

"आसिमिना झिसी."

ती बराच वेळ त्याच्यावर अंगठा ठेवून बसली. एफ्तेर्पी दारात उभी होती. मग आई म्हणाली, "अक्षरं सगळ्यात शेवटी भरली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी. माझी आई म्हणाली, नीट भर, हे नाव आता परत लिहायचं नाहीस. खरंच कधी लिहिलं नाही. कशावर लिहायचं?"

"आई, माझं चुकलं. मी मीनाला सांगतो, बिछाना पुन्हा..."

"बिछाना एकदाच घालतात," आई म्हणाली. रागानं नाही म्हणाली. "आणि हे एवढंसं. हे मांजराला पुरायचं नाही."

मग तिनं ते गुडघ्यांवर पसरलं. गुडघे तेवढे झाकले गेले.

त्या दिवसापासून ते तिथंच असतं. एव्दोक्सियाबाई सल्ला देऊन गेल्या की वाफेवर धरलं तर लोकर सैल होते, औषधवाल्यानं पुन्हा व्हिनेगरचं काढलं, मेव्हण्यानं तर मशीनच आणायची तयारी दाखवली. मी सगळ्यांना हात जोडले. दर रविवारी मीना येते, आजीच्या पायाशी बसते, झिसींच्या दोन मागांची गोष्ट ऐकते. मीही ऐकतो. वर्तमानपत्र घडी घालून ठेवतो. येताना ओल्या लोकरीचं ओझं गाढवाला झेपायचं नाही, मग त्या पोरी ते आपापसांत वाटून पाठीवर घ्यायच्या आणि सबंध वाट ओल्या होत, हसत यायच्या, हे मला आत्ता कळलं.

काल कचेरीतून आलो. दार वाजवलं.

"कोण?" आतून आवाज आला.

"मी, पेलोपीदास."

"कुणाचा?"

"झिसींच्या आसिमिनाचा."

मग आई म्हणाली, "मग ये आत. फार उशीर केलास."

जेवणाला म्हणत असावी. घेवड्याचं सूप निवून गेलं होतं. मी म्हणालो, "हो आई. झाला खरा."